गुणाजीबुवांचा आवाज कुणी नेला?

१

गुणाजी राऊळ बुवा शिमग्यानंतर गेले. त्यांचा आवाज गेला तो श्रावणात, एका गुरुवारी संध्याकाळी, ऐन तालमीच्या तोंडावर.

लालबागच्या त्या चाळीत तळमजल्याला भजन मंडळाची खोली आहे. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर दर्शना घाडीगावकरने ‘गुरू’ नावाचा फोल्डर उघडला आणि ती नुसती बघत राहिली. आत बुवांची चाळीसेक रेकॉर्डिंग असायला हवी होती. होता तो एकच लांबलचक व्हिडिओ. मागे पखवाज लावून, टाळ वाटून सगळं मंडळ बसलं होतं, आणि त्या सगळ्यांना आज त्यातलंच एक रेकॉर्डिंग ऐकवायचं होतं.

मामला साधा नव्हता. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात आणि गजरातून एकमेकांची सालटी काढतात. त्या जगात चाल ही गुरूची मालमत्ता असते. गुरूने दिली नसेल तर ती गाणारा चोर, आणि समोरचा बुवा हे भर हॉलात माइकवरून विचारायला कमी करत नाही. गुणाजीबुवांनी शेवटच्या वर्षात आपल्या चाली दर्शनाला शिकवल्या, तिने त्या फोनवर रेकॉर्ड केल्या, आणि एका रेकॉर्डिंगमध्ये त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं की या चाली मी हिला दिल्या. रविवारी परळच्या हॉलात बारी होती. बाईने बुवा म्हणून पेटीवर बसावं की नाही यावरून मंडळात दोन तट पडले होते. अध्यक्ष रघुवीर साटम यांनी तोडगा काढला होता: बुवांचं वाक्य सगळ्यांना ऐकव आणि मग बस.

“गेलं ना? मग विषय मिटला,” रघुवीरकाका म्हणाले. “रविवारी पेटीवर स्वप्नील. बुवांचा सख्खा पुतण्या आहे, त्याला कोण काय विचारणार नाही.”

“पेटीवर मीच बसणार,” दर्शना म्हणाली. “आवाज मिळाला तर आवाज घेऊन बसेन, नाही मिळाला तर तशीच बसेन. कोणाला काय करायचं ते करा.”

एवढं बोलून ती बाहेर आली आणि तिने गिरगावात फोन लावला.

२

राजलक्ष्मी नवलकर म्हणजे गिरगावातल्या पाठारे प्रभूंच्या घरातली, वकिली सोडून बसलेली आणि वाद घालणं न सोडलेली बाई. काही वर्षांपूर्वी त्यांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक सूचना आली: तुमचं यंत्र जुनं झालं, नवं घ्या. बाईंचं डोकं फिरलं. आपल्या घरातलं काय म्हातारं झालं ते कोणी परक्याने ठरवायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी नवं यंत्र घेतलं नाही, त्याच यंत्रावर लिनक्स ही मोफत प्रणाली चढवली आणि मग अर्ध्या गिरगावाची भंगारात निघालेली यंत्रं तशीच जिवंत केली. दर शनिवारी त्या वर्ग घेत. परळच्या एका इस्पितळात डायलिसिसच्या मशीनवर काम करणारी दर्शना त्या वर्गाला येई, आणि मंडळातला कॉम्प्युटर ही बाईंचीच देणगी होती.

शुक्रवारी दुपारी बाई टॅक्सीतून उतरल्या त्या भांडायच्या तयारीनेच.

“मॅडम, तुमच्या त्या फुकटच्या लिनक्सनेच खाल्लं असणार,” रघुवीरकाकांनी दारातच सुरुवात केली.

“ते फुकट मिळतं, साटम. फुकट खात नाही,” बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

पहिला मार बसला तो दर्शनाला. “दोन ठिकाणी ठेव म्हणून घसा फोडून सांगितलं होतं. फोनवरचं कशाला काढलंस?”

“फोन भरला होता, बाई. वॉर्डातले मेसेजसुद्धा येईनात. मागच्या रविवारी सगळं इथे उतरवलं, एकेक वाजवून बघितलं, आणि मग फोनवरचं पुसलं.”

“म्हणजे होतं ते एवढंच होतं.”

“एवढंच,” दर्शना म्हणाली आणि तिने मान खाली घातली.

बाईंनी आधी कॉम्प्युटरची कचरापेटी उघडली. इथे पुसलेली वस्तू पहिल्यांदा तिथे जाते. पेटी गच्च भरली होती, पण त्यात रघुवीरकाकांनी उतरवलेल्या क्रिकेटच्या क्लिपा आणि कुणाकुणाच्या लग्नपत्रिका होत्या, कित्येक महिन्यांच्या. पेटी कोणी रिकामी केलेली नव्हती आणि बुवांची रेकॉर्डिंग तिच्यात नव्हती. मग यंत्राला अलीकडे काय काय जोडलं होतं ते बघायला त्या गेल्या, तर तिथे पाटी कोरी. बिल वाचावं म्हणून रघुवीरकाका रोज खोली बंद करताना मेन स्विच खाली ओढत, आणि ह्या यंत्राची आदल्या दिवसाची आठवण त्यासरशी पुसली जाई.

राहता राहिला तो व्हिडिओ. बाईंनी तो लावला. खोलीत पेटीपुढे गुणाजीबुवा, समोर दर्शना. बुवा बोलत होते, हात हलवून काही समजावत होते, पण एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तेव्हा समोरच्या रस्त्यावरून कुठल्यातरी गणपतीचं आगमन चाललं होतं आणि ढोल-बेंजोने सगळं गिळून टाकलं होतं.

“हा बिनकामाचा आहे, बाई,” दर्शना म्हणाली. “पहिला धडा म्हणून ठेवला होता. टाकवत नाही.”

“तुला बिनकामाचा. पण तुझ्या वाईटावर असलेल्या माणसाला काय माहीत की ह्यात आवाज नाही? गुरू आणि शिष्या समोरासमोर दिसताहेत, म्हणजे त्याने हा सर्वांत आधी उडवायला हवा होता.” बाईंनी व्हिडिओ थांबवला. बुवांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. “ह्याला का ठेवलं?”

३

खोलीच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: रघुवीर साटम, पुतण्या स्वप्नील आणि बुवांची मुलगी मेघना. बाईंनी तिघांना एकेकटं बोलावलं आणि प्रत्येकाला एकच विचित्र अट घातली.

“तुमचा जबाब तुमच्याच फोनवर व्हिडिओ करून घ्या. तुमचाच फोन, तुमचेच शब्द. मागाहून मी म्हातारीने मोडतोड केली असं कोणी म्हणायला नको.”

रघुवीरकाकांनी आखातातल्या मुलाने पाठवलेला कोराकरकरीत फोन पेटीवर टेकवला आणि ते ऐटीत बोलले. खूप वेळ बोलले. “मी कोणाच्या बापाला घाबरत नाही. बाई बुवा म्हणून बसली तर गावच्या देवळात तोंड कसं दाखवू? हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय. चोरी कशाला करू? रेकॉर्डिंग ऐकून मी पुढचा नियम काढला असता.” ह्या शेवटच्या वाक्यावर बाईंचा ताबडतोब विश्वास बसला.

स्वप्नीलने आयफोन काढला. “खोटं कशाला बोलू, गादी मला पाहिजे होती. काकाने दर्शनाताईला शिकवलं तेव्हा डोकं फिरलेलं माझं. पण विचार करा ना, ते रेकॉर्डिंग गायब करून मला काय भेटणार? रविवारी समोरचा बुवा मला विचारेल, तुला काकाने चाली दिल्याचा पुरावा दाखव. माझ्याकडे कुठे काय आहे? माझी पण वाजणारच.”

“मग काल गप्प का बसलास?”

“साटमकाका बोलत होते ना, मध्ये कोण बोलणार,” तो म्हणाला आणि त्याने मान खाजवली.

मेघना आली ती हात पदराला पुसत. दादरच्या साडीच्या दुकानात ती कामाला होती आणि रोज सकाळी जाण्याआधी खोलीत येऊन वडिलांच्या फोटोसमोर दिवा लावायची. तिने कोपरे झिजलेला फोन समोर धरला आणि बोलायला सुरुवात केली.

“पेटीवर कोणी बसायचं ते मला कशाला विचारता? आजपर्यंत कोणी विचारलंय? ज्याला बसायचं त्याने बसावं. मी दिवा लावते, केर काढते आणि कामाला जाते.”

“वडिलांनी तुला शिकवलं नाही?”

मेघनाने पदर कमरेला खोचला. तेवढ्यात फोन थांबला. पडद्यावर पट्टी आली होती: जागा संपली.

“बाबांचा जुना फोन आहे,” ती म्हणाली. “सारखा असंच करतो.”

“असू दे,” बाई म्हणाल्या. “मला हवं ते झालंय.”

मेघना गेल्यावर त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. उत्तर मिळालं होतं, पण त्यांना ते आवडलं नव्हतं.

४

शनिवारी संध्याकाळी सगळं मंडळ जमलं. रघुवीरकाका खुर्चीत, कोरसची पोरं सतरंजीवर, मेघना दाराजवळ उभी.

“आपण सगळे पुसणाऱ्याला शोधत होतो,” बाईंनी सुरुवात केली. “पुसणारा कधी नव्हताच, नाहीतर ती रेकॉर्डिंग कचरापेटीत सापडली असती. पुसणाऱ्याला फाइल जड लागत नाही. लहान काय, मोठी काय, एका फटक्यात सगळ्या जातात. जड लागते ती उचलून नेणाऱ्याला. चाळीस लहान रेकॉर्डिंग गेली आणि एक अवजड व्हिडिओ मागे राहिला, कारण ज्यात भरून न्यायचं होतं त्यात तो मावला नाही. ही फाइल मावत नाही असं यंत्राने सांगितलं, नेणाऱ्याने ती वगळली, बाकीच्या नेल्या.”

“पेनड्राइव्हवर नेल्या असतील,” कोरसमधून कोणीतरी म्हणालं.

“ह्या डब्याचं पुढचं एकच तोंड धड आहे, आणि त्यात साटमांनी फोनची तीन तोंडांची केबल सुतळीने बांधून ठेवलीय, चोरीला जाऊ नये म्हणून. गाठ बघा, वर्षभराची धूळ बसलीय तिच्यावर. केबल न काढता इथून फक्त फोनमध्येच जाता येतं. किल्ल्या तिघांकडे, म्हणून फोन तीन. स्वप्नीलचा आयफोन. तो आमच्या लिनक्सला फोटो दाखवतो, पण केबल लावून त्याच्यात अशा फायली टाकता येत नाहीत. साटमांच्या फोनमध्ये हा व्हिडिओ मावून वर त्यांचं भाषणही मावतं, काल मावलंच. तिसरा फोन दोन-चार वाक्यांतच भरला.”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मेघना हलली नाही.

“मंगळवारी नेला,” ती म्हणाली. “दिवा लावल्यावर केबल जोडली आणि नेला. चोर म्हणायचं तर म्हणा. माझ्या बापाचा आवाज आहे तो.”

दर्शनाचं तोंड उतरलं. तिच्या मनात स्वप्नील होता, काका होते. मेघनाचं नाव तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“कॉपी केलं असतंस तर कोणी काही म्हटलं नसतं, पोरी,” बाई म्हणाल्या. “इथलं काढून नेलंस, ती चोरी. मी वकील आहे, मला गोड बोलता येत नाही.”

रघुवीरकाका तेवढ्यात उठले होते. त्यांचा आवाज अचानक मऊ झाला होता. “मेघना, बाय, ऐक. बापाचा आवाज, म्हणजे तुझाच हक्क. तुला वाटत नाही ना तो बाहेर जावा? मग पुसून टाक. आता, इथे. घरातलं घरात राहील, स्वप्नील बसेल, आणि तुला कोण काय बोलणार नाही, मी बघतो.”

मेघनाने फोन वर काढला.

५

“पुसते,” मेघना म्हणाली. “पण आधी हिने सांगायचं. दर्शना, बाबा माझ्याबद्दल काय बोललेत त्यात? सांग ह्यांना.”

दर्शनाने सतरंजीचं टोक सारखं केलं.

“मागच्या रविवारी तू इथे एकेक वाजवून बघत होतीस. मी दारात होते. मी ऐकलं. तुका वरसभर म्हायत होता आणि माका सांगलंस नाय.”

“भियालंय,” दर्शना म्हणाली. तिने मान वर केली आणि सगळ्यांसमोर बोलली, थांबत थांबत. “तू पेटीवर बसलीस तर माझ्याकडे कोण बघणार, असं वाटलं. बुवांची मुलगी, त्यात तुझा गळा. मला एवढ्या मुश्किलीने मिळालेलं, ते जाईल म्हणून बोलले नाही. माझी चूक झाली. ह्या काकांना शिव्या घालत होते आणि करत तेच होते.” डोळे पुसून ती पुढे म्हणाली, “पुसायचं असेल तर पूस. बाकीच्या चाली मला पाठ आहेत. ते एक वाक्य मात्र तुझं आहे, ते पुसू नकोस.”

मेघना चालत कॉम्प्युटरपाशी आली. केबल फोनला लावली, फोनवर फाइल देण्याचा पर्याय निवडला आणि बाईंकडे बघितलं. बाईंनी फायली यंत्रात उतरवल्या, आणि त्यातली मेघनाने बोट ठेवलेली एक वाजवली.

गुणाजीबुवा खोकले. मग खोलीत त्यांचा आवाज भरला. “ह्यो चाली मियां दर्शनाक दिलंय. कोणी इचारल्यान तर गुणाजीचा नाव सांग.”

मागून दर्शनाचा आवाज. “आणि मेघनाक कित्याक नाय शिकवलास, बुवा?”

पेटीचा भाता मिटल्याचा आवाज आला.

“भियालंय. पोरगी पेटयेर बसली तर लोक काय म्हणतले, ह्याच भियालंय. तिचो गळो माज्यापेक्षा बरो. तिका कधी सांगूक नाय. सांगूक होया होता.”

मेघना रडत नव्हती. रागाने तिचे ओठ पांढरे पडले होते. “लोक,” ती म्हणाली आणि रघुवीरकाकांकडे वळली. “कोण लोक, काका? तुम्हीच ना?”

रघुवीरकाकांनी खुर्ची मागे सारली. “हे बघा, ते वाक्य ऐकलं, ठीक आहे. पण मंडळाचा अध्यक्ष मी आहे. उद्या मंडळाचा बॅनर लागणार नाही, मंडळाची पेटी खोलीबाहेर जाणार नाही. बघू कशी बसता.”

“बॅनर नको,” दर्शना म्हणाली. “पेटी आणू कुठूनही. बारी होणार.”

स्वप्नील सतरंजीवरून उठला आणि त्याने पखवाज खांद्याला लावला. “हा माझा स्वतःचा आहे हां, काका. मंडळाचा नाही. ताई, उद्या किती वाजता निघायचं?”

कोरसची पोरं एकमेकांकडे बघत उठली. काही दर्शनाच्या बाजूला गेली, दोघं-तिघं काकांबरोबर घरी गेली. बाईंनी तोवर रेकॉर्डिंग दर्शनाच्या फोनवर उतरवली, मेघनाच्या फोनवरची तशीच राहू दिली, आणि एक प्रत गिरगावला नेण्यासाठी स्वतःच्या फोनवर घेतली. ह्या घोळक्यातल्या कुणाच्याही शब्दावर विसंबायची त्यांची तयारी नव्हती.

६

रविवारी परळचा हॉल खच्चून भरला होता. राजलक्ष्मीबाई भजनातल्या नव्हेत. गिरगावात त्यांनी शास्त्रीय ऐकलं होतं, तेही मागच्या रांगेत पेंगत. इथे कोणी पेंगत नव्हतं. पहिल्या रांगेत रघुवीर साटम हाताची घडी घालून बसले होते. बहिष्कार घालायचा तर घरी बसायचं, पण तेवढं त्यांच्याने झालं नव्हतं.

दर्शना वरळी कोळीवाड्यातल्या एका मंडळाकडून मागून आणलेली पेटी घेऊन बसली. मागे बॅनर नव्हता, नुसती भिंत होती. निवेदकाने बुवांचं नाव विचारलं तेव्हा ती म्हणाली, “बुवा दर्शना घाडीगावकर,” आणि हॉलात कुजबुज झाली. समोर कणकवलीकडचे वरद बुवा होते. तरणेबांड, तोंडाचे फटकळ आणि पब्लिकचे लाडके. अभंगापर्यंत दोघं बरोबरीने चालले. गजराला वरद बुवांनी दात दाखवले. लालबागमधली भानगड त्यांच्यापर्यंत पोचली होती. गुरूचं नाव सांगून उसनी चाल गाणाऱ्या बाईवर त्यांनी असा गजर टाकला की हॉल हसून हसून लोळला. शेवटी त्यांनी माइकवर सरळ विचारलं: चाल कोणाची, दिली कोणी, साक्षीदार कोण?

फोन दर्शनाच्या मांडीशी होता. ते वाक्य स्पीकरवर लावलं असतं तर वरद बुवांचं तोंड तिथल्या तिथे बंद झालं असतं. बाईंना वाटलं, लाव, आत्ता लाव. दर्शनाने फोनला हात लावला नाही. तिने माइक पेटीवरून उचलला आणि मागे कोरसमध्ये बसलेल्या मेघनाच्या हातात दिला.

“गुणाजी राऊळांची मुलगी,” ती म्हणाली. “हिला विचारा.”

पहिल्या रांगेतून कोणीतरी शिट्टी मारली. मेघनाला माइक नीट धरताही येत नव्हता. स्वप्नीलने पखवाजावर थाप दिली आणि ती थांबून राहिली, एक आवर्तन, दोन आवर्तनं. रघुवीरकाका शेजाऱ्याच्या कानाला लागले. मग तिने तोंड उघडलं आणि बापाची सगळ्यांत अवघड चाल उचलली, जी तिने उभ्या आयुष्यात दाराबाहेर उभी राहून ऐकली होती. पहिली ओळ कापली. दुसरी उभी राहिली. तिसऱ्या ओळीला वरद बुवांनी आपल्या पेटीवरचे हात काढून मांडीवर ठेवले. शिट्टी मारणारा गप्प झाला. बाईंना चाल कळत नव्हती, पण चाळीस वर्षं कोर्टात काढलेल्या त्या बाईला खरा साक्षीदार बरोबर ओळखता येत होता, आणि त्यांचे डोळे भरून आले.

कडव्याच्या तोंडाशी मेघना वाकली. माइक चालूच होता, त्यामुळे ती पेटीवाल्या बुवाला काय म्हणाली ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

“अजून वर घे. आज माका कोणाची भीती नाय.”

दर्शनाने पट्टी वाढवली.